टेकाडावरची अंडी

रंगूबाईची बियाण्याची मूठ तिफनीच्या चाड्यावर आली, तेवढ्यात शालिकराम मास्तर बैलांपुढे आडवे आले.

बैल थबकले. मागच्या सहा तिफनीही थांबल्या. केनवडच्या त्या शिवारात पहिली मूठ रंगूबाईची, मग बाकीच्यांची, अशी रीत. जमीन तर अशी कोरडी, की खोटं वाटेल, पण मुंगी चालली तरी मागं धूळ उठत होती. तरी सगळे पेरायला उभे होते, कारण टिटवीनं यंदा टेकाडावर अंडी घातली होती. उंचावर अंडी म्हणजे पाऊस लवकर आणि भरपूर. रविवारच्या पेपरात मास्तरांनीच तसं लिहिलं होतं. वीस वर्षं ते या शिवारावर लिहीत होते. बाभळीलासुद्धा आपण फुललो हे मास्तरांचा लेख वाचून कळतं, असं लोक म्हणत.

"बाजूले व्हा मास्तर," तिफन धरलेला गोपाल म्हणाला. "मायची मूठ अडवून राह्यले तुमी."

मास्तरांनी मान खाली घालून सांगून टाकलं. अंडी नाल्यात होती. नाला खोल करायला जेसीबी येणार होता. म्हणून त्यांनी ती हलवली. रोज वीस हात, रांगत रांगत, आठ दिवसांत टेकाडावर. टिटवी सारा वेळ टकलावर चोची मारत मागे आली. खुणा अजून होत्या. लेखात तेवढंच लिहायचं राहून गेलं.

कुणी हसलं नाही. नाल्यात अंडी म्हणजे पाऊस ओढ देणार. धुळीत टाकलेलं बी करपलं, तर दुसऱ्यांदा पेरायला कुणाच्या घरात दाणा नव्हता.

"हात कायले लावला?" गोपालनं कासरा मुठीला गुंडाळला.

"जेसीबीखाली गेली असती रे."

"अन् आमी?"

रंगूबाईनं लेकाला नजरेनंच गप्प केलं आणि टेकाडाकडे पाहिलं.

"हलवलेल्या अंड्यावर टिटवी बसत नाई मास्तर."

"ही बसली."

टिटवी खरंच बसली होती. तिथूनच सगळ्यांवर ओरडत होती. नाल्याचा पाऊस खरा की टेकाडाचा, ते काही तिच्या ओरडण्यातून कळेना.

रंगूबाईनं मास्तरांचा हात ओढला, शाईचे डाग पडलेली बोटं उघडली आणि सोयाबीनची मूठ त्यांत रिती केली.

"अंडे तुमी हलवले, लिवलं तुमी. आता टाकायचं का नाई, ते बी तुमीच ठरवा."

मास्तरांचा हात चाड्यावर येऊन थांबला. सात तिफनी बघत राहिल्या. मूठ उघडेना, मागेही येईना. आतलं बी घामानं भिजत गेलं.

साऱ्या शिवारात तेवढीच ओल होती.