शेवटचा धागा

लग्नाच्या काफ्तानाचं, म्हणजे नवरीच्या पायघोळ झग्याचं, भरतकाम संपलं, की शेवटचा धागा नवरीच्या आईने कापायचा, असा मोरोक्कोतल्या फेझमधल्या आमच्या कारखान्याचा रिवाज आहे. आई पुदिन्याचा चहा घेऊन येईपर्यंत नवरीला, माझ्या बहीजाताईला, धीर निघेना. धागा तसाच ठेवून तिने कापड छातीशी धरलं.

“आरसा इकडे फिरव की, मेकॅनिकबाई!”

मी भरतकामाच्या मशीनखाली होते. झिजलेला हूक नुकताच काढून हातात घेतला होता. खालचा धागा वरच्या धाग्यात गुंतवतो तो हूकच. तो नसेल तर टाका पडूच शकत नाही. शिवाय वीजही बंद होती.

तरी टक्, टक् असा आवाज येऊ लागला.

मी वर पाहिलं. सुई स्थिर होती. तिच्यातून निघालेला सोनेरी धागा मात्र ताईच्या छातीकडे सरकत होता.

“ताई, कापड खाली ठेव.”

“आईला बघू तर दे.”

“ठेव म्हणते ना!”

तिने कापड ओढलं. तिचं हसू मावळलं.

“अगं, सुटत नाहीये.”

मी धावत जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. काफ्तानाचं कापड फक्त छातीवर होतं, पाठीवर नव्हतं. तरी तिच्या पाठीच्या आतून माझ्या तळव्याला काहीतरी टोचलं.