राणीचं दुसरं कडवं

पहिलं कडवं संपलं आणि ईरा थांबली.

स्टेजवर ती राणी होती. मासे धरणाऱ्या गरीब कोळ्याच्या मांडीवर डोकं ठेवून मरायला टेकलेली. मरण्याआधी तिने एक फ्रेंच गाणं म्हणायचं होतं. संगीत शिकवणाऱ्या मादाम कॅथरिननी शाळेच्या या नाटकासाठी खास बांधलेलं. तिसऱ्या रांगेत तिच्या आईचे, अनुयाचे ओठ आपोआप हलले. फ्रेंच येत नसूनही दुसऱ्या कडव्याचा शब्द न् शब्द तिला पाठ होता. महिनाभर घरात दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

ईराची बोटं झग्याची किनार चुरगाळत होती. मादामनी पियानोवर तीच जागा पुन्हा वाजवली. मग आणखी एकदा. ईराने तोंड उघडलं, मिटलं, एकदम शेवटची ओळ म्हणून टाकली आणि मेली.

टाळ्या पडल्या. परदेशातल्या या मार्कहॅममधल्या आईबाबांच्या टाळ्या, सगळ्या मुलांना सारख्या. त्यांना वाटलं, गाणं एवढंच असेल. अनुयाला मात्र इथूनही मेलेल्या राणीची हनुवटी थरथरताना दिसत होती. आता ही पुन्हा म्हणून कधी गायची नाही.

"वन्स मोअर!"

शेजारी बसलेले सासरे. उन्हाळ्यासाठी सांगलीहून आलेले.

"बाबा, हळू! इथे असं ओरडत नाहीत."

"मग काय करतात?" म्हणाले आणि आणखी मोठ्यांदा, "वन्स मोअर!"

लोक वळून बघायला लागले. अनुयाला खुर्चीखाली शिरावंसं वाटलं. मादामचे हात पियानोवर तसेच.

मग राणीने एक डोळा उघडला. उठून बसली.

"ईरा, यू आर डेड!" कोळी झालेला हेरॉल्ड कुजबुजला, ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. सगळं सभागृह हसलं.

"आय नो," ईरा म्हणाली. मुकुट सरळ केला, मादामकडे बघून मान हलवली आणि चक्क उभी राहिली.

पहिलं कडवं. मग दुसरं. या वेळी अनुयाचे ओठ हलले नाहीत. ती नुसती ऐकत राहिली. शेवटचा सूर ईराने असा काही धरून ठेवला की मघाशी हसणारेही गप्प झाले. हेरॉल्डने घाईघाईने मांडी पुढे केली. राणी सावकाश, ऐटीत मेली.

लोक उभे राहिले. टाळ्यांच्या आवाजात अनुया सासऱ्यांच्या कानाशी वाकली.

"बाबा, मघाशी तिचं दुसरं कडवं राहिलं, ते कळलं होतं ना तुम्हाला?"

"मला कुठलं कळतंय फ्रेंच!" स्टेजवरून नजर न काढता ते म्हणाले. "पण आत्ता कशी मेली बघ. अगदी राणीसारखी."