एकुलता खवला

"आजी, त्याच्या छातीवर हा एकच सोनेरी खवला होता. ड्रॅगन आयुष्यात एकदाच तो काढून देतो," नात म्हणाली. बोचकं बांधून ती त्याच्याबरोबर निघाली होती.

उंबऱ्यापाशी तो माणसाच्या रूपात उभा होता. साठ वर्षांत एक सुरकुती नाही.

"तुझ्यासाठी आकाश सोडेन म्हणाला असेल," मासा खरवडत मी म्हणाले.

"तुला कसं कळलं?"

ज्याने खरवडत होते तो खवला मी धुऊन तिच्यापुढे धरला. तसाच सोनेरी.

"मलाही एकच दिला होता. मासे साफ करायला बरा पडतो."

त्याने मला निरखून पाहिलं. "आपण कोण?"

"जिला ‘टेकडीवर थांब, आलोच’ म्हणून उडालास ती, मेल्या."

नातीने बोचकं खाली ठेवलं आणि आपल्या खवल्याने दुसरा मासा खरवडायला घेतला.