तांडेलाची मुलगी

"जहाजाचा तांडेल शेवटी बुडतो," झुबेर म्हणाला.

"काहीतरीच! तो घरी पोचतो. तू शेवटचं पान वाचलंच नसशील," रेवा म्हणाली.

दोघंही खरंच सांगत होती. जुनं लॅटिन महाकाव्य वर्गातल्या दोघांच्या इलेक्ट्रॉनिक पाट्यांवर मराठीत आलं होतं. पण पाटी ज्याला जेवढं सोसेल, तेवढंच भाषांतर करायची. रेवाचे बाबाही तांडेल होते. गेल्या वर्षी वादळात त्यांची बोट परत आली नाही.

वर्गावर असलेल्या शेवडेबाईंना आपल्या लहानपणीचा वर्ग आठवला. तेव्हा सगळ्यांत मिळून एकच फाटकं पुस्तक असायचं, आणि एकाच ओळीला सगळा वर्ग गप्प व्हायचा.

"बाई, खरं काय आहे?" रेवाने विचारलं.

"ऐकायचंय तुला?"

"हो."

बाईंनी मूळ लॅटिन ओळी समोर घेतल्या आणि अडखळत, शब्द शोधत मराठीत सांगायला सुरुवात केली. तांडेल बुडाला. रेवाने आपली पाटी बाकावर पालथी ठेवली.

"त्याला मुलगी होती?"

"होती. ती रोज संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन बसते. मग गावातली माणसं एकेक करून येतात आणि काही न बोलता तिच्याशेजारी बसतात."

"हे माझ्या पाटीत नव्हतंच."

"कसं असेल, बाळ? तुझ्या पाटीत कुणी बुडालंच नव्हतं ना."

झुबेर आपल्या जागेवरून उठला आणि रेवाच्या बाकापाशी आला.

"सरक जरा," तो म्हणाला.