ऐंशीवरचा काटा

“तसाच द्या,” तो म्हणाला. “निळ्या दिव्याचा. आमच्या साडूंनी परवा बसवलाय ना, अगदी तसाच.”

दुकानदाराने इंजिनाचं तापमान दाखवणारे दोन मीटर काउंटरवर ठेवले. एक साधा, पांढऱ्या तबकडीचा. दुसरा काळा, चकचकीत, दुप्पट किमतीचा.

त्याच्या जुन्या गाडीचा मीटर गेली दोन वर्षं बंदच होता आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. पण साडूने नवा बसवला आणि याला अन्न गोड लागेना. त्यात बायको उठता-बसता म्हणायची, “भाऊजींची गाडी आतून कशी विमानासारखी दिसते, नाही?”

“हा साधा घ्या साहेब,” दुकानदार म्हणाला. “तो निळा मी नुसता दाखवायला ठेवलाय.”

“का? आम्हाला परवडणार नाही असं वाटलं का?”

दुकानदार वाद घालत बसला नाही. त्याने दोन्ही मीटर एका जुन्या बॅटरीला जोडले, त्यांच्या वायरींची टोकं विजेच्या किटलीत सोडली आणि बटण दाबलं. दोन्ही काटे बरोबरीने चढले. ऐंशीवर निळ्याचा थांबला. पाणी खळखळा उकळायला लागलं, साध्याचा शंभरावर पोचला. निळा आपला ऐंशीवरच.

“बघितलंत? ऐंशीच्या पुढे जातच नाही. गिऱ्हाईक खूश, आणि इकडे इंजिनाची वाट लागते. पाच जण परत देऊन गेलेत.”

त्याच्या मनात आनंदाच्या अशा उकळ्या फुटल्या की बस्स! “पुन्हा करून दाखवा बघू,” तो म्हणाला. दुकानदाराने पाणी बदलून पुन्हा केलं. मग त्याने दाराशी उभ्या असलेल्या बायकोला हाक मारली. “अगं, इकडे ये! बघ तुझ्या भाऊजींचं विमान!” आणि तिसऱ्यांदा किटली लावायला सांगितली.

बायकोने दोन्ही काटे पाहिले. ती हसली नाही.

“अहो, ताई आणि आई त्याच गाडीत आहेत. आत्ता घाट चढत असतील.”

सकाळी निरोप द्यायला तो स्वतः उभा होता. सासूबाई हात हलवत होत्या आणि हा सगळा वेळ त्या निळ्या दिव्याकडे बघत होता.

त्याने घाईघाईने फोन लावला, स्पीकर सुरू केला. “साडूभाऊ, आधी गाडी बाजूला घ्या. तुमचा मीटर खोटा आहे! आत्ता डोळ्यांनी बघितलं मी. इंजिन तापलं तरी तो दाखवायचा नाही.”

पलीकडे मोठ्याने हसणं. मग मागून सासूबाईंचा आवाज, “कसला तरी वास येतोय हो जावईबापू.”

“बाहेरचा असेल आई, काच लावून घ्या,” साडू त्यांना म्हणाला.

“भाऊजी, ऐका हो त्यांचं!” बायको फोनवर ओरडली. आवाज रडवेला झाला होता.

काउंटरवर किटली खदखदत होती.

“अगं, तुझ्या नवऱ्याच्या पोटात दुखतंय, मला काय माहीत नाही? मीटर बसवला तेव्हापासून तोंड पाडून हिंडतोय,” साडू म्हणाला. “मीटर खोटा म्हणे! बघतोय ना मी. ऐंशीवर आहे काटा. जागचा हललेला नाही.”