पुलापलीकडची व्हॅन

"गाडी ओढून न्यायला कोण येतं ते राहू द्या," गिऱ्हाईक म्हणालं. "जागेवर दुरुस्त करायला कोण येतं, ते सांगा."

काउंटरवालीने दुसरं माहितीपत्रक पुढे सरकवलं. गाडी रस्त्यात बंद पडली तर मदत पाठवण्याच्या तीन योजना ती विकत असे. पहिलीत नुसती गाडी ओढून नेत. दुसरीत मेकॅनिक येई, पण शहराच्या आसपासच. तिसरीत मेकॅनिक, बदली गाडी, मुक्कामाची सोय, सगळं. समोर साठीचा माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, दाराशी जुनी पण लखलखीत गाडी. असली माणसं तिसरीच घेतात, हा तिचा आजवरचा अनुभव.

"तिसरी घ्या काका. जुनी गाडी आहे, कुठे दगा देईल सांगता येत नाही."

"ती नाही दगा देणार. दुसरीच द्या. तुमच्या उत्तरेकडच्या डेपोची मेकॅनिकची व्हॅन कोणत्या रस्त्याला येते?"

भिंतीवर नकाशा होता. पाच वर्षांत त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. तिने उठून बोट ठेवलं. "नदीच्या पुलापलीकडे."

"सकाळची पाळी कितीपर्यंत?"

"दोनपर्यंत. का हो, तुमची गाडी वेळापत्रक बघून बंद पडते का?"

तो हसला.

टेबलावरचा पंखा महिनाभर खरखरत होता. त्याने खिशातून छोटा पेचकस काढला, मागची जाळी उघडली, दोन मिनिटांत आवाज बंद. तेव्हा तिचं त्याच्या हातांकडे लक्ष गेलं. हात स्वच्छ धुतलेले होते, पण नखांच्या कडा काळ्या त्या काळ्याच.

"तुम्ही गॅरेजवाले?"

"चाळीस वर्षं झाली."

"मग तुम्हाला मेकॅनिक कशाला हवा?"

"आता एकटाच असतो गॅरेजात," मिस्त्री म्हणाला. "पूर्वी शिकवायचो. गुपचूप एक वायर काढून ठेवायची, हातात घड्याळ धरायचं आणि म्हणायचं, शोध. शेवटचं माणूस तर माझ्यापेक्षा तरबेज निघालं. मग एकदा बोलाचाली झाली. गेलं सोडून. दोन वर्षं झाली त्याला."

काउंटरवालीच्या मनात पाल चुकचुकली. गेल्याच महिन्यात तिच्या दोन गिऱ्हाइकांनी खोटे बिघाड दाखवून कंपनीला टोपी घातली होती. साहेबांनी तिला पत्र दिलं होतं, लेखी. आणखी एक बनावट प्रकरण तिच्या नावावर निघालं, तर नोकरी गेली. घरात कमावणारी ती एकटीच. आणि आता हा माणूस डेपो, रस्ता, पाळी सगळं विचारून ठेवतोय.

पण संशयावरून कुणाला योजना नाकारता येत नाही. तिने अर्ज भरायला घेतला.

"गाडी चालवणारं दुसरं कुणी?"

मिस्त्रीने त्या ओळीवरून बोट फिरवलं. "रिकामी ठेवा, ताई. नंतर भरता येते ना?"

"येते," ती म्हणाली, आणि मनाशी त्याचीही नोंद ठेवली.

योजना लागू व्हायला तीन दिवस लागतात. चौथ्या दिवशी सकाळी साडेदहाला तिच्या पडद्यावर मिस्त्रीचं नाव झळकलं. गाडी बंद. ठिकाण, नदीच्या पुलापलीकडे.

आपली नोकरी गेली, तिच्या मनात आलं. पण बनावट बिघाड योजना विकणाऱ्यानेच पकडून दिला तर ठपका बसत नाही, हा नियम तिला तोंडपाठ होता. तिने तपासणीचा फॉर्म पिशवीत कोंबला आणि स्कूटर काढली.

मिस्त्री गाडीचं बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभा होता. शर्ट आजही कडक. तिला पाहून तो दचकला.

"तुम्ही कशा काय, ताई?"

"सहज. काय झालं गाडीला?"

"कुणास ठाऊक. मेकॅनिक बघेल की."

चाळीस वर्षं गाड्या उघडणारा माणूस म्हणतो कुणास ठाऊक. दोघं पुलाकडे बघत उभी राहिली. त्याने तीनदा केस नीट केले, एकदा शर्टाची बाही. चोर घाबरलाय, तिला वाटलं. तिला त्याची थोडी कीवही आली, पण नोकरी ती नोकरी.

व्हॅन आली. टोपी डोळ्यांवर ओढलेली एक तरुण मेकॅनिक खाली उतरली. गाडी बघितली आणि जागीच थबकली. मग मिस्त्रीकडे पाहिलं. नमस्कार नाही, चौकशी नाही. ती सरळ इंजिनावर वाकली.

काउंटरवालीने पाहिलं, मिस्त्रीने खिशातून जुनं घड्याळ काढून हातात धरलं होतं.

मेकॅनिकने एकही अवजार घेतलं नाही. तिचा हात आत गेला, क्षणभर थांबला आणि एक सुटी वायर बोटात धरून वर आला.

बनावट. सापडला. काउंटरवालीने फॉर्म काढला आणि पेनाचं टोपण उघडलं. "ही वायर आपोआप निघालेली नाही ना? मला लिहायचंय."

"नाही," मेकॅनिक म्हणाली. "कुणीतरी मुद्दाम काढलीय."

काउंटरवालीने पेन चौकटीवर टेकवलं.

मेकॅनिकने वायर जागेवर बसवली, बॉनेट हलकेच लावलं, टोपी काढली आणि मिस्त्रीकडे वळून विचारलं, "किती सेकंद लागले, बाबा?"