निळ्या नांग्यांचा पाहुणा

डोळे मिटा बरं. घाटंजीतल्या एका घराची पुढची खोली. खिडकीशी काचेचा टँक, त्यात लाल मासे, आणि माशांच्या खाली, पाइपच्या तुकड्यात, वीतभर लांबीचा झिंगा. त्याचे निळे नांगे अंगाहूनही लांब. दिसला? आता टँकसमोर कोण बसलंय ते पाहा. ती दीपा. तिचं तोंड उतरलं आहे.

टँक तिचा होता, वाढदिवसाला मिळालेला. मासेही तिचेच. पण उमरखेडच्या मामानं पैनगंगेतला हा झिंगा डब्यात घालून धाकट्या अश्वजितसाठी आणला, आणि तेव्हापासून घरात येणारा जो तो म्हणे, "दाखव बे अश्वजित, तुहा पैलवान!"

शेजारची हंसाबाई तर रोजच येई. काचेवर बोट ठेवलं की झिंगा नांगे उगारून अंगावर येई, आणि ती किंचाळून हसे.

"अन् हे मासे कोनाचे वं?" तिनं एकदा विचारलं.

"माहे," दीपा म्हणाली. "टँकबी माहाच हाय."

"बरे हायेत," हंसाबाई म्हणाली आणि पुन्हा झिंग्याकडे वळली.

त्याच आठवड्यात एक मासा कमी झाला.

आबाजींनी, म्हणजे आजोबांनी, टँकमध्ये वाकून पाहिलं. "कुठी गेला वं दीपा?"

दीपानं फक्त झिंग्याकडे पाहिलं.

"त्यानं नाही खाल्ला!" अश्वजित ओरडला. "मी त्याले रोज गांडूळ देतो."

"बापू, झिंगा तो झिंगाच. समोर आलं का धरते," आबाजी त्याला म्हणाले.

मग आणखी एक मासा गेला. मग आणखी एक. काटा नाही, खवला नाही. दीपा सगळ्यांच्या आधी उठे, मागे हौदावर तोंड धुऊन येई आणि टँकपाशी उभी राहून म्हणे, "आजबी एक नाही." अश्वजितनं टँकशेजारीच अंथरूण टाकलं, पण पहाटे त्याला हमखास गाढ झोप लागे. उठला की तो काचेला नाक लावून झिंग्याला दटावी, "खरं सांग, तूच का?"

ते पाहून दीपाला वाईट वाटे. थोडंसंच. कारण आता हंसाबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवू लागली होती. "गरीब पोर! एवढी माया लावली, अन् त्या राकसानं खाऊन टाकले."

शेवटचा मासा गेला त्या सकाळी आबाजी म्हणाले, "बस झालं. आज मी याले वाघाडी नदीत सोडून येतो. टँक पोरीचा हाय."

अश्वजित रडला, जेवला नाही. दीपा उड्या मारतच शाळेत गेली. मधल्या सुट्टीत तिनं मैत्रिणींना रविवारी टँक पाहायला बोलावलं.

"पण तुहे मासे तर त्यानं खाल्ले ना?" एकीनं विचारलं.

"तुम्ही या तर," दीपा म्हणाली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा टँक रिकामा होता. ओसरीवर अश्वजित मात्र हसत बसला होता.

"आबाजी, सोडला का नदीत?"

"नाही वं. पोराचं रडणं पाहवलं नाही," आबाजी म्हणाले. "तू गेली तसाच मागच्या हौदात टाकला. पाणी हिरवंगार, तळ दिसत नाही, त्याले तसंच लागते. अन् तिथं खायले कोनीच नाही. कोनाचं नुकसान नाही."

"ताई, मी दोनदा गांडूळ टाकलं," अश्वजित म्हणाला. "पण त्यानं शिवलंबी नाही. पोट भरलेलं दिसते त्याचं."

दीपानं दफ्तर तिथंच टाकलं. ती हौदाकडे धावली, बाहीसकट हात हिरव्या पाण्यात घातला, आणि रोज पहाटे ओंजळीत धरून एक-एक तिथं नेऊन सोडलेल्या आपल्या माशांना हाका मारू लागली.